परवाची चिठ्ठी

१

तीनशे सतरा नंबरचं पुस्तक जागेवर नव्हतं.

मी तीनदा पाहिलं. नागपूरच्या एका कॉलेजात चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो, तरी पुस्तक सापडलं नाही की पहिला संशय मला स्वतःच्याच डोळ्यांचा येतो. चष्मा पुसला, पुन्हा तीनशे दहापासून बोट फिरवत आलो. तीनशे सोळा. तीनशे अठरा. मधे दोन बोटं जातील एवढी फट, आणि फटीच्या तळाशी धूळ नाही. म्हणजे पुस्तक तिथं होतं आणि जाऊन फार दिवस झाले नव्हते.

ही खोली देवदत्त गजभिये यांची. नायमेखन या डच शहरात, नदीच्या उत्तरेकडे, लेंट भागात. चाळीस वर्षांपूर्वी चिपच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून ते आले आणि इथलेच झाले. तेरा फेब्रुवारीला, गुरुवारी दुपारी, वाल नदीत बुडून गेले. वय एकाहत्तर. पोलिसांनी अपघात अशी नोंद केली. मागे पत्नी प्रमिलाताई, मुलगा केतन आणि चारशे बारा पुस्तकं. सगळी एकाच विषयावरची: अमेरिकेचं सैन्य आणि अमेरिकेचं हेरखातं, विसावं शतक.

या शहरावर अमेरिकेची दोन ओझी आहेत, असं देवदत्त म्हणत. एकोणीसशे चव्वेचाळीसच्या फेब्रुवारीत अमेरिकी विमानांनी जर्मन गाव समजून हे शहर भाजून काढलं. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकी पोरं कापडी होड्यांतून इथली नदी ओलांडताना मेली. एकाच देशाची माणसं मारूनही गेली आणि मरूनही गेली, हे त्यांना सुटेना. म्हणून पुस्तकं.

ती आता एका वाचनालयाला द्यायची होती, आणि यादी करायला माणूस हवा होता. माझी मुलगी निशिगंधा, जिच्याकडे मी इथं राहतो, म्हणाली, "बाबा, दिवसभर खिडकीतून सायकली मोजता. त्यापेक्षा जा ना." देवदत्तांशी माझी ओळख जेमतेम, आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात दोनदा शेजारी बसलो तेवढी. मला नाही म्हणता येत नाही, म्हणून गेलो.

प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर त्यांनी देवनागरी आकड्यांत नंबर लिहून चिकटवला होता. आणि प्रत्येक पुस्तकात, शेवटच्या पानाला लागून, जाड कागदाची एक चिठ्ठी होती. वर तारीख, खाली दोन-तीन ओळी मराठी. त्या चिठ्ठ्या वाचायचं माझं काम नव्हतं. पण मी वाचत गेलो.

"परवा संपलं. लेखक हुशार, पण चिखलात कधी उभा राहिलेला नाही."

"परवा. डेन हाग, सरकारी दप्तरखाना. कागद मिळाला नाही. तिथली बाई मात्र चांगली."

"परवा. फोटोंचं प्रकरण पुन्हा. विमानातून घरं दिसतात. माणसं दिसत नाहीत. तीच सोय."

त्या खोलीत एकटं बसलं की कोणीतरी आपल्या कानाशी हळू बोलतंय असं वाटे. खुर्चीच्या गादीवर अजून त्यांचा खळगा होता. मी स्टूल आणून बसत असे.

प्रमिलाताई चहा घेऊन आल्या तेव्हा मी फटीकडे बोट केलं. त्यांनी कप ठेवला नाही, हातातच धरून उभ्या राहिल्या.

"तेच," त्या म्हणाल्या. "शेवटच्या आठवड्यात तेच वाचत होते. होड्या वल्हवणाऱ्या इंजिनियर तुकडीचं. कोणी अमेरिकेहून पाठवलं होतं, शंभर-दीडशेच प्रती छापल्या होत्या म्हणे."

"कोणी नेलं असेल का?"

"बबनराव, मला पुस्तकाचं काही नाही." त्यांचा आवाज खाली गेला. "पोलीस म्हणतात घसरले. माझा प्रश्न वेगळा आहे. ते पडले, की गेले? शेवटी शेवटी फार गप्प असायचे. मी शेजारी झोपत होते आणि मला कळलं नाही, असं असेल तर मला ते कळायला हवं. त्यांनी त्या पुस्तकात काहीतरी लिहिलं असणार. ते सगळं तिथंच लिहायचे, मला बोलायचे नाहीत."

मी मान हलवली. चहा गार झाला.

२

घराची किल्ली बाहेरच्या एकाच माणसाकडे होती. उल्का. चिपच्या त्याच कंपनीत काम करणारी, पस्तिशीतली. देवदत्तांची निवृत्ती आणि तिची नोकरी यांत एकच वर्षाचं अंतर. मी लिहिलेली यादी ती शनिवारी येऊन लॅपटॉपवर घेत असे.

"काका, सरळ विचारा ना, तू चोरलंस का म्हणून," ती म्हणाली. "केव्हाचे चष्म्याची काडी चघळताय."

"चोरलंस का?"

"नाही. पण मागितलं होतं. स्कॅन करून ऑनलाइन टाकते म्हटलं, जगात कोणाकडे नसेल. देवदत्तकाका म्हणाले, गेलेलं पुस्तक परत येत नाही. चिडले नाहीत, नुसतं पुस्तक उचलून मांडीवर घेतलं. लहान मुलाला घेतात तसं." तिनं स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. "बापरे, काय उकडतं इथं. या घरात ऊब फक्त पुस्तकांना."

ते खरं होतं. कागदाला दमट हवा लागू नये म्हणून देवदत्त ती खोली बारा महिने गरम ठेवत. प्रमिलाताईंनी ते बटन अजून बंद केलं नव्हतं.

"केतनला विचारलंत?" उल्कानं विचारलं.

"तो तर या खोलीत पाय टाकत नाही."

"तेच म्हणते. वडील गेल्यापासून इथं राहतोय, कापेल गावच्या त्याच्या घरून लॅपटॉप घेऊन आलाय, आणि दारासमोरून जाताना मान वळवतो. जेवतही नाही धड. काकूंशी बोलतो ते इंग्लिशमध्ये, आणि इतकं हळू की काकू म्हणतात, हा माझ्या घरात चोरासारखा वावरतो."

मग तिनं टेबलाच्या खणातून एक कार्ड काढलं. "हे बघितलंत? एक डच म्हातारा दारात आला होता, फेब्रुवारीच्या शेवटी. काकूंना त्याचं बोलणं कळेना. पुस्तक, पुस्तक, म्हणत होता. विकत मागतोय वाटून त्यांनी दार लावलं. मग त्यानं पेटीत हे टाकलं."

कार्डावर थरथरत्या अक्षरात इंग्रजी होतं. माणसाचं नाव तेर हॉर्स्ट. मजकूर एवढाच: तुमच्या दुःखात सहभागी आहे, पुस्तक क्रमांक ३९६ विषयी बोलायचं होतं, रविवारी, सोळा तारखेला, ते माझ्याकडे यायचं ठरलं होतं. खाली फोन नंबर.

मी तीनशे शहाण्णव काढलं. सैन्याच्या तंबूंच्या आणि बुटांच्या पुरवठ्याचे तक्ते. देवदत्तांची चिठ्ठीही वैतागलेली: "परवा सोडून दिलं. झोप येते." हे पुस्तक मागायला कोणी अनोळखी विधवेच्या दारात का येईल?

मी कार्ड आणि पुस्तकाची पाठ शेजारी शेजारी धरून बराच वेळ बसलो. मग डच माणसाचे डोळे लावून नंबरांच्या चिठ्ठ्यांकडे पाहायचा प्रयत्न केला. देवनागरी न येणाऱ्याला आपला एक नवासारखा दिसतो. आपला सात सहासारखा. तीन तीनच राहतो.

म्हाताऱ्याला ३१७ च हवं होतं. त्यानं ते कधीतरी हातात धरून पाहिलेलं होतं.

जाताना मी फटीभोवतीची पुस्तकं एकमेकांना टेकवून ठेवली, वाकून त्यांच्या पाठी मोडू नयेत म्हणून. फट दिसेनाशी झाली.

३

सोमवारी सकाळी आलो. प्रमिलाताईंनी दार उघडलं. केतन वर झोपलेला होता. मी कोट काढून खोलीत गेलो आणि सवयीनं त्या फळीवरून बोट फिरवलं.

तीनशे सोळा. तीनशे सतरा. तीनशे अठरा.

मी हात मागे घेतला. खोटं कशाला सांगू, मी घाबरलो. खुर्चीतला तो खळगा, ती ऊब, आणि परत आलेलं ते पुस्तक. दोन मिनिटं मी दाराकडे पाठ करून उभा राहायलाही धजलो नाही.

मग पुस्तक बाहेर काढलं. ते बर्फासारखं गार होतं.

त्या उबदार खोलीत बाकी सगळी पुस्तकं हाताला कोमट लागत. हे एकच गार, आणि पुठ्ठ्याच्या कडेला किंचित ओल. मी मागचं पान उघडलं. चिठ्ठी नव्हती.

आश्चर्य म्हणजे त्या क्षणी भीती गेली. भुताला चिठ्ठी काढून घ्यायची गरज पडत नाही.

स्टूलवर बसून मी हळूहळू विचार केला; मला भरभर करता येत नाही. पुस्तक बरोबर सोळा आणि अठराच्या मधे ठेवलं होतं. फट तर मी बुजवली होती. म्हणजे ठेवणाऱ्यानं नंबर वाचला. तेर हॉर्स्टला हे आकडे वाचताच येत नाहीत, आणि घरात शिरायला किल्लीही नाही. तो सुटला.

उल्काला आकडे येतात आणि किल्लीही आहे. पण तिला हवी होती छापलेली पानं. ज्याला पानं हवीत तो पुस्तक ठेवून घेईल. इथं पुस्तक परत आलं होतं आणि हाताने लिहिलेला एक कागद गेला होता. ज्याला चारशे पानांपेक्षा देवदत्तांच्या अक्षरातल्या दोन ओळी मोठ्या वाटल्या, असा माणूस.

राहिला गारवा. पुस्तक घरात लपवलेलं नव्हतं. थंडीत होतं, दार बंद असलेल्या पण न तापवलेल्या जागी, आणि आत येऊन फार वेळ झाला नव्हता. घरामागे सायकलींची लाकडी खोली आहे. प्रमिलाताई सायकल चालवत नाहीत. उल्का बसने येते. देवदत्तांची सायकल पोलिसांनी नदीकाठून आणून दिली तशी कुलूप लावून उभी आहे.

तिथं रोज जाणारा एकच माणूस होता, आणि तो आत्ता वर झोपलेला नव्हता. खिडकीतून मला मागचं दार उघडताना दिसलं.

४

केतन सायकलच्या चाकात हवा भरत होता. तेहतीस वर्षांचा, उंच, वडिलांसारखाच जरा वाकून उभा राहणारा. मी दारात उभा राहिलो. कोणाला पकडायचा मला अनुभव नाही. वाचनालयातसुद्धा पानं फाडणाऱ्या मुलांना मी दुरून खोकून दाखवत असे.

"पुस्तक ठेवलंस ते बरं केलंस," मी म्हटलं. "चिठ्ठी राहिली."

पंप थांबला नाही. "व्हॉट चिठ्ठी?"

"चारशे अकरा पुस्तकांत एकेक आहे. एकातच नाही."

"लात मार, काका."

डच भाषेत याचा अर्थ 'जाऊ दे' असा होतो, हे मला इथं आल्यावर कळायला वर्ष लागलं. त्याआधी मी बऱ्याच लोकांवर मनातून रागावलो होतो.

"जाऊ दिलं असतं," मी म्हटलं. "पण तुझी आई मला रोज विचारते, सापडलं का. ती पुस्तक नाही शोधत."

त्यानं पंप भिंतीला टेकवला. मोबाइलचं कव्हर काढलं. आत, फोनच्या पाठीला चिकटून, घडी न घातलेली ती चिठ्ठी होती. तीन आठवडे तो ती अंगावर वागवत होता.

"तुम्ही वाचा. मग सांगा आईला द्यायची का."

११/२
परवा. पूल. सत्तेचाळीस. मग मी.

"अकराला लिहिलं," केतन म्हणाला. तो इंग्रजीत बोलत होता, मधेच डच, मधेच मराठी, जसं सापडेल तसं. "ओव्हरमॉर्खन. दोन दिवसांनी. म्हणजे तेरा. तेराला बाबा गेले. पुलावर किती दिवे आहेत, यू नो."

मला माहीत होतं. या गावात सगळ्यांना माहीत आहे. नव्या पुलावर दिव्यांच्या अठ्ठेचाळीस जोड्या आहेत, नदी ओलांडताना मेलेल्या अठ्ठेचाळीस अमेरिकनांसाठी. रोज सूर्यास्ताला त्या एकेक करून लागतात, पावलांच्या वेगाने, आणि त्यांच्याबरोबर एक माजी सैनिक पूल चालून जातो. रोज. पावसातसुद्धा.

"अठ्ठेचाळीस मेले," केतन म्हणाला. "सत्तेचाळीस, मग मी. शेवटचा दिवा स्वतःचा. त्यांना पोलीस शोधत होते तेव्हा मी टेबलावर हे पुस्तक बघितलं. उघडं होतं. चिठ्ठी वर. मी पुस्तक उचललं आणि इथं आणून टाकलं, काहीच विचार न करता. मग आई पुस्तक मागायला लागली. मला वाटलं पुस्तक देतो, हे नको." त्यानं चिठ्ठी परत घेतली. "तिला अपघातच राहू दे. प्लीज."

पाचच शब्द होते, आणि तो म्हणत होता ते त्यांतून सरळ निघत होतं. मी खोलीत परत आलो. पहिल्यांदाच स्टूल न घेता त्या खुर्चीत बसलो.

५

दुपारी बारापर्यंत मी तसाच बसलो होतो. प्रमिलाताई दोनदा डोकावून गेल्या. त्यांच्याकडे बघायचं टाळावं म्हणून मी समोरची पुस्तकं काढून चिठ्ठ्या चाळू लागलो. तीन. सदतीस. एकशे नव्वद.

परवा संपलं. परवा. डेन हाग. परवा पुन्हा वाचलं. परवा सोडून दिलं.

मी उठलो. पहिल्या फळीपासून सुरुवात केली आणि प्रत्येक चिठ्ठी बाहेर काढली. यादी करताना मी त्या वाचल्या होत्या, पण एकेक करून, माणूस गप्पा ऐकतो तशा. आता त्या मोजल्या. चारशे अकरांपैकी दोनशे अठ्ठावन्न चिठ्ठ्या 'परवा'ने सुरू होत होत्या, आणि त्यांतली एकही पुढच्या दिवसाबद्दल नव्हती. सगळं घडून गेलेलं. 'करायचं आहे', 'जाणार', 'बघू' हे शब्द देवदत्तांनी चिठ्ठीवर कधीच लिहिले नव्हते.

मी स्वयंपाकघरात गेलो. प्रमिलाताई कणीक मळत होत्या.

"देवदत्त चिठ्ठी कधी लिहायचे?" मी विचारलं.

"वाचून झाल्यावर. पण लगेच नाही, दोन दिवसांनी. कुठं जाऊन आले तरी तसंच. म्हणायचे, कालचं लिहू नये, काल अजून ओला असतो." त्यांनी हात थांबवला. "का हो?"

"उद्या सांगतो," मी म्हटलं, आणि मागच्या दारानं बाहेर पडलो.

केतन अजून तिथंच होता, उलट्या केलेल्या डब्यावर बसून.

"लहानपणी तुला बाबा 'परवा' कधी म्हणायचे?"

त्याला प्रश्न विचित्र वाटला असणार. पण त्यानं उत्तर दिलं, आणि मराठीत. "नेहमी. परवा नेतो. परवा बघू. एफ्तेलिंगच्या पार्कात पाळण्यांत बसायला जायचं? परवा. सायकलची चेन? परवा." किंचित हसला. "परवा म्हणजे पुढे. आणि मोस्टली, कधीच नाही."

"मागचा परवा तुला माहीत आहे?"

"मागचा?"

"डच लोकांकडे दोन शब्द आहेत. होऊन गेलेल्याला एक, येणाऱ्याला एक. आपल्याकडे दोन्हींना परवाच म्हणतात. क्रियापद असलं तर कळतं, कुठला ते. इथं क्रियापद नाही." मी त्याच्या हातात दहा-बारा चिठ्ठ्या दिल्या आणि एकेक वाचून दाखवल्या, तारखांसकट. "तुझ्याशी बोलताना त्यांचा परवा पुढचा होता. लिहिताना मात्र मागचा. चाळीस वर्षं. अकरा तारखेचा मागचा परवा म्हणजे नऊ. रविवार. त्या रविवारी पुलावर काहीतरी झालं, ते त्यांनी मंगळवारी टिपून ठेवलं."

केतन चिठ्ठ्यांकडे बघत राहिला. "मग 'मग मी' काय?"

"ते मला माहीत नाही."

"मग हे प्रूफ नाही, काका."

नव्हतंच. माझ्या तर्काचा मला कधी भरवसा वाटलेला नाही, आणि त्या दिवशी तर अजिबात नव्हता. समजा रविवारी ते पुलावर गेले, सत्तेचाळीस दिवे बघितले, आणि मनात म्हणाले, पुढचा मी. तरी चिठ्ठी अशीच झाली असती. दोन मुकाम पुढे सरकून मी पुन्हा तिथंच येऊन पोहोचलो होतो.

पण कार्डावरचा तो रविवार माझ्या डोक्यातून जाईना. तेर हॉर्स्टकडे पुस्तक रविवारी जायचं होतं, म्हणजे सोळाला. तेराला मरायचं ठरवलेला माणूस सोळाचं कबूल करतो का?

"तुझी सायकल राहू दे," मी म्हटलं. "आपण बसने जाऊ."

६

तेर हॉर्स्ट नदीपलीकडे एका इमारतीच्या तळमजल्यावर राहत होते. वय ऐंशीच्या आसपास, एक गुडघा धातूचा. डच सैन्यात होते, लेबनॉनला शांतिसेनेत जाऊन आलेले. केतननं आपलं नाव सांगितलं तेव्हा ते दाराची चौकट धरून उभे राहिले आणि काही वेळ आत या म्हणायचंच विसरले.

"तुमच्या आईनं दार लावलं ते बरोबरच केलं," ते म्हणाले. "मी पुस्तकाचं बोलत होतो. कोणाच्या घरी माणूस गेलंय आणि मी पुस्तकाचं बोलतो. पण दुसरं काही बोलायची हिंमत झाली नाही."

"नऊ तारखेला पुलावर कोण चाललं?" मी विचारलं.

"मी. माझी पाळी होती."

केतननं चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांना ती वाचता येणं शक्य नव्हतं. केतननं ती डचमध्ये सांगितली, आणि या वेळी 'परवा'साठी त्यानं दुसरा शब्द वापरला. मला तेवढं कळलं.

म्हाताऱ्यानं डोळे मिटले.

"तुमचे वडील बऱ्याचदा यायचे. मागून चालायचे, वीस पावलांवरून. कधी बोलले नाहीत, त्या रविवारीच बोललो, पुलाच्या सुरुवातीला. त्यांनी ते पुस्तक पिशवीतून आणलं होतं, दाखवलं. मग चाललो. वारा होता. सत्तेचाळिसाव्या जोडीपाशी हा गुडघा अडकला. एक पाऊल पुढे टाकता येईना आणि दिवा तर थांबत नाही. मी मागे वळून म्हटलं, मिस्टर गजभिये, शेवटचा तुम्ही चाला. ते म्हणाले, मी सैनिक नाही. मी म्हटलं, ते अठ्ठेचाळीस जण तरी कुठे फार दिवस सैनिक होते? चाला." त्यांनी रुमाल काढला. "ते चालले. एकटे. टोकाला जाऊन सलाम केला, तुमच्याकडे हात जोडतात तसा. परत आले तेव्हा रडत होते, आणि फार खुशीत होते. दोन्ही एकदम."

केतनचे ओठ हलत होते. सत्तेचाळीस. मग मी.

"आणि रविवार?" मी विचारलं.

"पुस्तकात होड्या कुठं लागल्या त्याचा नकाशा आहे. मला ती जागा बघायची होती. सोळाला दाखवतो म्हणाले, पुस्तक घेऊनच येतो. मी फोन केला बुधवारी, की पाणी नुकतंच उतरलंय, दगडांवर गाळ असेल, आणखी आठवडाभर थांबू. ते म्हणाले, उद्या आधी मी एकटा जाऊन बघतो, तुमच्या गुडघ्याला खेपा नकोत. कुठून उतरायचं ते ठरवून ठेवतो." त्यांनी केतनकडे पाहिलं, आणि मला कळलं की केतनने फोनच्या पाठीला लावलं होतं तसं काहीतरी यांनीही तीन आठवडे अंगावर वागवलं होतं. "सोळाला मी कॉफी करून बसलो होतो. दुपारपर्यंत. मला कोणी सांगितलं नव्हतं."

केतन उठला. मला वाटलं तो दाराकडे जातोय. तो म्हाताऱ्याच्या खुर्चीशी जाऊन खाली बसला आणि त्यानं त्यांच्या त्या वाईट गुडघ्यावर हात ठेवला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. अशा जागी आपण नसावं असं मला नेहमी वाटतं.

७

प्रमिलाताईंना केतननं सांगितलं. मी नको म्हणत होतो, पण त्यानं मला बळंच शेजारी बसवलं. "काका, माझं मराठी चुकलं तर सांगा," तो म्हणाला, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा आईशी तिच्या भाषेत बोलला. शब्द अडत होते. लिंग चुकत होतं. पूल 'ती' झाला, नदी 'तो'. मी एकदाही दुरुस्त केलं नाही.

त्यानं चिठ्ठी दिली. आपण काय समजलो होतो तेही सांगितलं, लपवलं नाही. मग तेर हॉर्स्ट, गुडघा, शेवटचा दिवा, बुधवारचा फोन.

प्रमिलाताईंनी चिठ्ठी हातात घेतली, वाचली, मांडीवर ठेवली. मला वाटलं, आता रडतील, आणि मी पाण्याचा ग्लास कुठं आहे ते बघून ठेवलं.

"गाळावर," त्या म्हणाल्या.

"हो, आई."

"पाणी उतरलेलं माहीत असताना."

"हो."

"कुठले बूट घातले होते?"

केतननं माझ्याकडे पाहिलं. "ते ब्राउन."

"ते ब्राउन," प्रमिलाताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढला. "त्यांचा तळ गेलाय म्हणून दिवाळीपासून सांगतेय मी. दिवाळीपासून. फेकून दिले तर कचऱ्यातून काढून आणले. नवे आणलेत ते कपाटात तसेच आहेत, खोक्यात. दगडावर जायचं, गाळात जायचं, एकाहत्तराव्या वर्षी, आणि ते बूट. सांगून जायचं तरी. मी आले असते ना बरोबर, हात धरला असता. नाही, ह्यांना एकट्यानं बघायचं. आधी बघून ठेवायचं. सगळं आधी बघून ठेवणारा माणूस, आणि पायाखाली बघता येत नाही?"

त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्या पुसत नव्हत्या. तीन आठवडे या बाईनं नवऱ्याविरुद्ध एक शब्द उच्चारला नव्हता.

केतननं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

त्या बुटांवरून छत्रीवर गेल्या, छत्रीवरून मोबाइल घरी विसरण्यावर, तिथून लग्नात घसरले होते त्यावर. आम्ही दोघं सोफ्यावर शेजारी शेजारी बसून ऐकत होतो. त्या बोलत राहिल्या.